दुसरा शनिवार नेमका कोणता? मुलाच्या भेटीवरून दर महिन्याला वाद (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ:
संमतीने घटस्फोट, हुकूम 2023 चा, सातारा कोर्टाचा. मुलगा आता 8 वर्षांचा. ताबा आईकडे, ती सांगलीत, वडील साताऱ्यात. मी मुलाचा काका, तेव्हा बाजू कुठली ते सांगायला नको. पुरसीसमध्ये (दोघांच्या सहीने कोर्टात दिलेलं लेखी निवेदन) भेटीबद्दल एवढंच आहे: ‘वडिलांना दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवार-रविवारी मुलाचा ॲक्सेस राहील. सण व सुट्ट्या निम्म्या-निम्म्या.’ वेळ नाही, जागा नाही. या मार्चमध्ये 1 तारखेलाच रविवार आला. वडील म्हणाले 7-8 (8 हा दुसरा रविवार), आई म्हणाली 14-15 (14 हा दुसरा शनिवार). शेवटी भेट झालीच नाही. प्रश्न तीन: पोलिसांत जावं का? भेट मिळेपर्यंत पोटगी थांबवली तर चालेल का? आणि संमतीने लिहून दिलेलं आता बदलता येतं का?

जुनी_दरखास्त:
पोटगीचं आधी सांगतो, कारण नुकसान तिथे होतं. थांबवू नका. पोटगी आणि भेट एकमेकांना बांधलेल्या नसतात. तिकडून वसुली लागली की ‘मला मुलगा भेटवत नाहीत’ हा बचाव होत नाही, उलट पुढच्या प्रत्येक अर्जात ‘थकबाकीदार बाप’ हे पहिल्या परिच्छेदात येतं. दर महिन्याला बँकेतूनच पाठवा आणि शेऱ्यात ‘पोटगी मार्च 2026’ असं लिहा. नुसते पैसे गेले की ते कशाचे होते यावरही वाद घालता येतो.

पोलिस फार तर एनसी (अदखलपात्र तक्रार) लिहून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील. त्यांचं चूक नाही, हे दिवाणी काम आहे.

बदलता येतं. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 त्यासाठीच आहे; हुकूम झाल्यावरही ताबा-भेटीच्या अटी बदलून मागता येतात. ‘संमतीने लिहिलंय, आता बदल नाही’ असं समोरचा वकील म्हणेल. त्याला सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा विक्रम वीर वोहरा विरुद्ध शालिनी भल्ला हा निकाल दाखवा. तिथेही घटस्फोट संमतीचाच होता.

ज्या कोर्टाने हुकूम दिला तिथेच अर्ज करा. हुकूमनामा आणि पुरसीस दोन्हींची सही-शिक्क्याची नक्कल जोडा. झेरॉक्सवर तारीख वाया जाते. सोबत तक्ता: ठरलेली तारीख, काय झालं, पुरावा. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट देणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं 65-ब). आणि मूळ चॅट फोनमधून उडवू नका.

मिरज_जंक्शन:
दादा, कायद्याचं वरती आलंच. मी फक्त कागदावर काय लिहायचं ते सांगते, कारण भांडणाचं मूळ त्या दोन ओळींत आहे.

शनिवारचं वाक्य असं करा: ‘महिन्यातील दुसरा व चौथा शनिवार, आणि त्या शनिवारला लागून येणारा रविवार.’ रविवार मोजायचाच नाही, तो शनिवारच्या मागे चालतो. मग मार्चमध्ये 14-15 हेच निघतं, म्हणजे या खेपेला आईचं बरोबर होतं. नोव्हेंबरची 1 तारीखही रविवारीच आहे, तेव्हा पुन्हा हेच होणार.

बहुतेक शाळांना शनिवारी सकाळची शाळा असते. ‘सकाळी 10 वाजता’ लिहिलं की एकतर शाळा बुडते नाहीतर भेट. दुपारी 3 लिहा. सातारा-सांगली एसटीने तीनेक तास. मूल दर खेपेला जाऊन-येऊन सहा तास बसमध्ये बसलं तर थोड्याच महिन्यांत ‘मला नाही यायचं’ म्हणतं, आणि मग आईने शिकवलं असा आरोप होतो. निम्म्या वाटेवर कराड आहे. पण नुसतं ‘कराड’ लिहू नका. ‘कराड एसटी स्टँड, चौकशी खिडकीसमोर’ असं लिहा, नाहीतर एकजण कोल्हापूर नाक्यावर आणि दुसरा स्टँडवर. हायवेवर अडकलं तर अर्धा तास सवलत, तेवढ्यात फोन करायचा. कोण घ्यायला येऊ शकतं त्यांची नावंही लिहा: आजोबा, आत्या, मामा. नावाबाहेरच्या माणसाकडे मूल द्यायचं नाही.

सणाचं ‘निम्मं’ तर कधीच लिहू नये. आजोळ तासगावचं असेल तर तिथल्या गणपतीचा रथ ऋषिपंचमीला निघतो, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी. पहिला निम्मा ज्याच्याकडे त्याच्याकडेच दरवर्षी रथ. म्हणून तिथी लिहायची आणि वर्ष आलटून-पालटून: सम सालात चतुर्थी ते गौरी विसर्जन आईकडे, विषम सालात वडिलांकडे. दिवाळी वसुबारस ते लक्ष्मीपूजन एकाकडे, पाडवा ते भाऊबीज दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. उन्हाळ्याला ‘सुट्टी लागल्यावर’ नको, तारखा टाका. राज्य मंडळाची शाळा आपल्याकडे 15 जूनला उघडते; मूल निदान चार दिवस आधी घरी यावं, वह्या-गणवेश असतो.

आजारपणाची ओळ हमखास राहते. ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचा आणि भेट पुढच्या शनिवारी. चिठ्ठी नाही तर भेट रद्द नाही.

कृष्णाकाठ:
ताई, हे सगळं आई मान्य करेल असं वाटत नाही. अवमान याचिका टाकली तर वचक बसेल ना?

जुनी_दरखास्त:
त्यात या कागदावर हात पोळेल. अवमानाला ‘हेतुपुरस्सर’ हुकूम मोडल्याचं दाखवावं लागतं. हुकूमातच दोन अर्थ निघत असतील तर समोरची बाजू म्हणेल, आम्ही 14-15 ला तयार होतो. आणि मुदत एक वर्षाची. खालच्या कोर्टाच्या हुकमाचा अवमान उच्च न्यायालयात चालतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईला जावं लागत नाही एवढीच सोय. आधी हुकूम स्पष्ट करून घ्या. मग मोडला तर दरखास्त (हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज), अवमान, सगळ्याला धार येते.

दोघं अर्धे जरी जुळले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीला बसवा. आईला वकीलही तिथून मोफत मिळतो, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. टोल फ्री क्रमांक 15100. तिथे ठरलेलं दोघांच्या सहीने नवीन पुरसीस म्हणून दाखल करा आणि त्यावर कोर्टाचा हुकूम घ्या. घरी बाँडपेपरवर लिहून ठेवलेल्याची दरखास्त होत नाही.

अर्जात रोजचा फोनही मागा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज 5 ते 10 मिनिटं बोलता यावं असं म्हटलंय. वेळ ठरवा, समजा रात्री 8, आणि फोन कुणाचा तेही.

मिरज_जंक्शन:
एक राहिलं. पाचवा शनिवार. यंदा मे, ऑगस्ट आणि ऑक्टोबरमध्ये पाच शनिवार आहेत. ‘पाचवा शनिवार बुडालेल्या भेटीच्या भरपाईसाठी, भरपाई नसेल तर आईकडे’ अशी ओळ घातली की आई सही करायला थोडी नरम पडते, कारण तो दिवस बहुतेक वेळा तिलाच मिळतो.