अमेरिकी दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळातील न विकले गेलेले पायलट भाग

प्रश्न

१९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत मालिका सुरू करण्याआधी नमुन्याचा एक भाग, म्हणजे पायलट, तयार करून तो वाहिन्यांना व प्रायोजकांना दाखवला जाई आणि तो पसंत न पडल्यास मालिका तिथेच बारगळे, असे वाचले आहे. अशा नाकारलेल्या भागांचे पुढे काय होई? ते कधी प्रेक्षकांपर्यंत पोहोचले का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

त्यांतले बरेच भाग एकदा तरी प्रसारित झाले. उन्हाळ्यात नेहमीच्या मालिका बंद असत, तेव्हा त्या रिकाम्या वेळेत पडून राहिलेले पायलट दाखवले, की त्यांवर झालेल्या खर्चापैकी थोडाफार भरून निघे. सीबीएस या वाहिनीचे ‘द कॉमेडी स्पॉट’ आणि नंतरचे ‘व्हेकेशन प्लेहाउस’ हे कार्यक्रम अशाच भागांवर चालत. जुलै १९६० मध्ये विनोदी लेखक-अभिनेते कार्ल रायनर यांचा ‘हेड ऑफ द फॅमिली’ असाच दाखवला गेला. त्यात नायकाची भूमिका त्यांनी स्वतः केली होती. पुढे निर्माते शेल्डन लेनर्ड यांच्या आग्रहावरून ती अभिनेते डिक व्हॅन डाइक यांच्याकडे गेली आणि १९६१ मध्ये व्हॅन डाइक यांच्याच नावाची गाजलेली मालिका सुरू झाली.

प्रतिसाद २

माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत मोठे नुकसान चित्रपट दिग्दर्शक व अभिनेते ऑर्सन वेल्स यांच्या ‘द फाउंटन ऑफ यूथ’चे झाले. डेसिलू या निर्मिती कंपनीसाठी १९५६ मध्ये केलेला हा अर्ध्या तासाचा भाग कोणीच विकत घेतला नाही. १९५८ मध्ये एनबीसी वाहिनीने तो एकदा दाखवला आणि त्याला पीबडी हा प्रसारण क्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला, पण मालिका काही झाली नाही. एक शास्त्रज्ञ, त्याला सोडून गेलेली अभिनेत्री आणि तिचा टेनिसपटू नवरा यांच्यात तारुण्य टिकवणाऱ्या औषधाची एकच मात्रा येते, एवढीच कथा. सांगण्याची पद्धत मात्र विलक्षण आहे. वेल्स स्वतः पडद्यावर उभे राहून निवेदन करतात, मधूनच पात्रांचे ओठ हलतात आणि आवाज वेल्स यांचा येतो, काही प्रसंग केवळ एकामागून एक येणाऱ्या स्थिरचित्रांतून उलगडतात, आणि प्रकाश मंदावून पुन्हा उजळेपर्यंत पात्रांमागचे स्थळ बदललेले असते. दूरचित्रवाणी म्हणजे छोट्या पडद्यावरचा सिनेमा नव्हे, हे इतक्या लवकर ओळखून कोणी काही केल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

प्रतिसाद ३

वरील प्रतिसादांत टिकून राहण्याचा मुद्दा राहिला आहे. पायलट हा विक्रीचा नमुना असल्याने तो बहुधा फिल्मवर चित्रित होई, म्हणून पुष्कळ भाग वाचले. थेट प्रक्षेपित कार्यक्रमांची गोष्ट वेगळी. दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावरील चित्र फिल्म कॅमेऱ्याने टिपणे, म्हणजेच किनेस्कोप, हाच १९५६ मध्ये व्हिडिओटेप येईपर्यंत त्यांच्या नोंदीचा मुख्य मार्ग होता, आणि अशा प्रती सर्रास टाकून दिल्या गेल्या. विकल्या गेलेल्या मालिकेचा पायलटही यातून सुटला नाही. मार्च १९५१ मध्ये केलेला ‘आय लव्ह ल्युसी’ या गाजलेल्या विनोदी मालिकेचा पायलट किनेस्कोपवरच होता आणि तो कित्येक दशके हरवला होता. अखेर त्यात काम केलेले विदूषक पेपितो यांच्या पत्नीकडे त्याची प्रत मिळाली आणि १९९० मध्ये सीबीएसने ती दाखवली. तेव्हा शोध घेणाऱ्यांनी संग्रहालयांबरोबर जुन्या कलाकारांच्या कुटुंबीयांकडेही जरूर विचारणा करावी.