फेल्झरवाल्डमध्ये ग्रॅव्हल बाईक: गिअर, टायर आणि किल्ल्यापर्यंतची वाट

रानचाक

सप्टेंबरअखेर तीन दिवस जर्मनीतल्या फेल्झरवाल्डच्या दक्षिण भागात, डानच्या आसपासच्या सुळक्यांच्या पट्ट्यात जायचा बेत आहे. हिंटरवाइडेन्टालला ट्रेनने उतरायचं, मग टॉयफेल्सटिश हा सुळका, आल्टडान, द्राखेनफेल्स, बेर्वार्टस्टाइन हे किल्ले आणि जमलं तर फ्रान्सच्या हद्दीवरचा वेगेल्नबुर्ग किल्ला. रोज ५० ते ६० किमी धरलेत. सायकल ग्रॅव्हल बाईक, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची. तिला पुढे ४० दातांची एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे ११ ते ४२ दातांची अकरा गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच), ४० मिमी ट्यूबलेस टायर. वजन: मी ७२ किलो, सायकल ११, सामान ५.

गिअर पुरतील का? टायर बदलावेत का? आणि नकाशात दिसणाऱ्या सगळ्याच वाटांवर सायकल चालवता येते का?

मुरूमवाट

आधी गिअर, कारण तिथे तोच खरा प्रश्न आहे. डोंगर उंच नाहीत. वेगेल्नबुर्गचा माथा ५७२ मीटर. पण दऱ्या खोल आणि एकमेकींना लागून आहेत. एक खिंड ओलांडली की पुन्हा तळाला उतरायचं आणि पुन्हा चढायचं. ५० किमीत १,००० मीटरच्या आसपास चढ सहज जमा होतो. वनखात्याचे खडीचे रस्ते बहुतेक ८ ते १० टक्क्यांचे असतात, पण किल्ल्याखालचा शेवटचा टप्पा १५ च्या वर जातो.

तुमचा सर्वांत हलका गिअर ४०/४२ (पुढचे दात भागिले मागचे), म्हणजे गुणोत्तर ०.९५. मिनिटाला ६० पेडल फेरे मारले तर वेग ताशी ७.५ किमी. एकूण ८८ किलो घेऊन १२ टक्के खडीच्या चढावर हा वेग टिकवायला साधारण २३५ ते २४० वॅट लागतात. पहिल्या दिवशी जमेल. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ४५ फेऱ्यांवर याल, प्रत्येक दाबाला मागचं चाक खडीत घसरेल आणि गुडघे बोलायला लागतील.

स्वस्त आणि सरळ उपाय म्हणजे पुढे ३६ ची चेनरिंग. गुणोत्तर ०.८६ होतं, त्याच फेऱ्यांना वेग ६.८ आणि गरज २१५ वॅटच्या आसपास. वरच्या बाजूला ३६/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ३९ मिळतात, जंगलात त्याहून जास्त लागतच नाही. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बोल्टची मांडणी बघून रिंग घ्या, चार बोल्टच्या विषम मांडणीवर साधी पाच बोल्टची रिंग बसत नाही. चार दात कमी झाले की साखळीच्या दोन कड्या (एक आतली, एक बाहेरची) काढाव्या लागतात. न काढता गेलात तर लहान गिअरवर साखळी ढिली पडते आणि उतारावर आपटत राहते.

मागे ११-४६ कॅसेट टाकायचा मोह होतो. तुमचा मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ४२ पर्यंतचा असेल तर हँगर एक्स्टेंडर (डिरेलर खाली सरकवणारा जोड) लावावा लागेल, आणि मग लहान दातांवर गिअर बदलणं मंद होतं. रिंग बदलणंच बरं.

कातळकडा

वाटांबद्दल. ऱ्हाइनलँड-फाल्झ राज्याच्या वनकायद्याप्रमाणे जंगलात सायकल चालते ती रस्त्यांवर आणि ‘वाल्डवेग’ म्हणजे वनखात्याने कायमस्वरूपी केलेल्या गाडीवाटांवर. पायवाटा आणि लाकूड ओढायला पाडलेल्या चऱ्या या व्याख्येतून कायद्यानेच वगळल्या आहेत. त्यामुळे सुळक्यांच्या कुशीतून जाणाऱ्या देखण्या अरुंद वाटांवर बहुतेक ठिकाणी सायकलला परवानगी नाही. अपवाद म्हणजे माउंटनबाईकसाठी अधिकृत पाट्या लावलेले मार्ग.

हे मार्ग आखतानाच बघा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाट ‘ट्रॅक’ म्हणून नोंदली आहे की ‘पाथ’ म्हणून, ते आधी तपासा. ‘ट्रॅक’ला पाच प्रती असतात. पहिली पक्की, दुसरी घट्ट खडी, तिसरी मुरूम-माती मिश्र, चौथी आणि पाचवी मऊ. पहिल्या तीन प्रतींवर बेत बसवा. आपोआप मार्ग काढणारी ॲप्स अंतर वाचवायला मधूनच २०० मीटरची ‘पाथ’ घुसडतात आणि नेमक्या तिथे मुळं, दगडी पायऱ्या आणि ३० टक्के उतार असतो. समोच्च रेषांना समांतर वळसे घेत जाणारी दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, रेषा काटकोनात कापत वर जाणारी तुटक रेघ म्हणजे पायवाट. उपग्रहाच्या चित्रावर विसंबू नका, बीच आणि पाइनच्या छताखाली काही दिसत नाही.

लाकूडतोडीची बंदी दाखवणारी पाटी किंवा पट्टी आडवी असेल तर बाजूने शिरायचं नाही, तिथे झाड खरंच पडत असतं. तोड संपल्यावरही जड यंत्रांच्या चाकोऱ्या राहतात. त्यात पुढचं चाक अडकलं की हँडल वळत नाही. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून जा किंवा उतरून चाला.

तीनसुळे

टायरबद्दल. फ्रेममध्ये जागा असेल तर ४५ मिमी. जागा म्हणजे दोन्ही बाजूंना किमान ५ मिमी मोकळे, नाहीतर पाइनच्या सुया आणि चिखल मिळून चाक आवळतात.

तिथला खडक म्हणजे लाल वालुकाश्म, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. सुळके, छत्रीसारखे टॉयफेल्सटिश, किल्ल्यांचे कातळ, सगळं त्याचंच. थर काही घट्ट, काही ठिसूळ, म्हणून खालचा भाग झिजतो आणि वरचा शिल्लक राहतो. सायकलच्या दृष्टीने मुद्दा हा की तो झिजून वाळूच होतो. पाणी लवकर मुरतं, त्यामुळे पावसानंतर काही तासांत रस्ता चालण्याजोगा होतो. पण वाहून आलेली वाळू उताराच्या शेवटच्या वळणावर साठते, नेमकी जिथे तुमचा वेग सर्वांत जास्त असतो.

४५ मिमीवर तुमच्या वजनाला हवेचा दाब पुढे १.८ आणि मागे २.० बार. ४०च ठेवले तर २.१ आणि २.३. वाळूचा पट्टा दिसला की ब्रेक आधीच संपवा, वाळूत शिरल्यावर पुढचा ब्रेक लावू नका. एक जड गिअर, वजन थोडं मागे, हात सैल, पेडल चालू. हँडलने नाही, कमरेने वळायचं.

मुरूमवाट

दाबाबद्दल थोडा मतभेद. सामानाची पिशवी मागे असेल तर मागे २.२ ठेवा. २.० वर उतारात धारदार दगडावर रिम बसते आणि टायर दोन ठिकाणी कापला जातो. असा काप सीलंटने (ट्यूबलेस टायरमधल्या छिद्रं बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही.

तीनसुळे

पिशवी सीटमागे असेल तर मान्य, २.२. फ्रेमच्या त्रिकोणात असेल तर २.० पुरे.

दर टायरला ६० मिली सीलंट घाला. आधीचं तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर टायर उघडून बघा, वाळून रबराचा गोळा झालेला असतो. सोबत प्लग (छिद्रात खुपसायची रबरी पट्टी), साइडवॉल (टायरची बाजू) फाटल्यास आतून लावायला जाड रबराचा किंवा कापडाचा तुकडा, एक ट्यूब आणि लहान पक्कड. ट्यूब घालायची वेळ आली तर ट्यूबलेस व्हॉल्व्हची चकती सीलंटने चिकटलेली असते आणि हाताने सुटत नाही, पक्कड त्यासाठी. आणि ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटे काढा. सीलंटने झाकलेले जुने काटे आतच असतात, नवी ट्यूब लगेच जाते.

रानचाक

३६ ची रिंग आणि ४५ चे टायर घेतो. किल्ल्यांवर सायकल कुठपर्यंत जाते? बूट कोणते?

कातळकडा

सायकल किल्ल्यात न्यायचा विचारच सोडा. गाडीवाट कातळाच्या पायथ्याशी किंवा त्याआधीच संपते. पुढे पायऱ्या, काही कातळात कोरलेल्या, काही लोखंडी शिड्या. आल्टडानला एकाच कातळधारेवर आल्टडान, ग्राफेनडान आणि टानस्टाइन असे तीन किल्ले रांगेत आहेत, तिथे तासभर तरी धरा. द्राखेनफेल्स १५२३ मध्ये पाडला गेला. आज जे बघायचं ते कातळात खोदलेल्या खोल्या, खाचा आणि वर जाणारा जिना. बेर्वार्टस्टाइन १५९१ मध्ये जळाला आणि १९व्या शतकाच्या शेवटी पुन्हा बांधला गेला, त्यामुळे पडका किल्ला शोधत असाल तर तो मागे ठेवा. वेळ वेगेल्नबुर्गला द्या. नोटवाइलरहून चढा, माथ्यावरून पायी पुढे गेलात तर हद्दीपलीकडे होहेनबुर्ग, लोवेनस्टाइन आणि फ्लेकेनस्टाइन ओळीने लागतात.

बूट दोन बोल्टच्या क्लीटचे (क्लीट म्हणजे पेडलमध्ये अडकणारा बुटाखालचा तुकडा), क्लीट तळव्यात आत बसलेली. बाहेर आलेला धातू ओल्या वालुकाश्मावर घसरतो, शिवाय दगड ओरखडतो. रोड सायकलचे बूट नकोत. कुलूप हलकं चालेल, पण सायकल वाटेत आडवी नको. वसंतात सुळक्यांवर बहिरी ससाणे घरटी करतात, तेव्हा काही कडे बंद असतात. सप्टेंबरअखेर ती अडचण नसते.

पाण्याचं गणित वेगळं करा. जंगलात दुकानं नाहीत आणि रविवारी गावातलीही बंद. फेल्झरवाल्ड-फेराइन या पदभ्रमण संघाच्या झोपड्यांवर जेवण-पाणी मिळतं, पण बऱ्याच फक्त शनिवार-रविवारी आणि काही बुधवारी उघड्या असतात. रोख पैसे ठेवा. गावच्या दफनभूमीत नळ असतो, ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका. दोन लिटरची सोय सायकलवर असावी.

दरीत मोबाईलला रेंज नसते. वनरस्त्यांच्या फाट्यांवर हिरव्या पाटीवर क्रमांक असलेले ‘रेटुंग्सपुंक्ट’ (बचाव पथकाला ठिकाण सांगायच्या जागा) दिसतील. जाताना शेवटचा क्रमांक लक्षात ठेवा. अपघात झाला तर ११२ या आपत्कालीन नंबरला तोच सांगायचा, रुग्णवाहिका त्यावरून येते.

मुरूमवाट

ब्रेकचं राहिलं. ओली वाळू ब्रेकच्या पॅडला सहाणेसारखी घासते. रेझिन पॅड तिथे झपाट्याने संपतात. मेटल पॅड थोडे आवाज करतात, पण टिकतात. मात्र आधी रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) बघा, ‘फक्त रेझिन पॅड’ असं लिहिलेल्या रोटरवर मेटल पॅड लावू नका. निघण्याआधी पॅडचा थर १.५ मिमीपेक्षा कमी असेल तर बदला, ०.५ मिमीला तो संपलाच समजायचा. नवे पॅड लावल्यावर रिकाम्या उतारावर वीसेक वेळा वेग घेऊन पूर्ण न थांबता ब्रेक लावा, म्हणजे थर रोटरवर बसतो. एक जोडी पिशवीत ठेवा, पॅडच्या पिनसकट.