वॉटर्लूच्या वाटाड्याचं पुस्तक: साक्ष की पाठांतर?

पदपथ_फोर्ट
फोर्टच्या पदपथावर किंवा एखाद्या लिलावात एडवर्ड कॉटनचं ‘अ व्हॉइस फ्रॉम वॉटर्लू’ दिसलं तर सोडू नका. कॉटन हा 7 व्या हुसार (हलक्या घोडदळाच्या) रेजिमेंटचा घोडेस्वार, 18 जून 1815 रोजी वॉटर्लूच्या रणात वेलिंग्टनच्या बाजूने नेपोलियनविरुद्ध हजर. पुढे मों-सें-जाँ गावात राहून 1849 मध्ये मरेपर्यंत तो प्रवाशांना रणभूमी दाखवत राहिला. या लढाईचा इतिहास लिहिणाऱ्या सिबॉर्नने आठवणी पत्रं पाठवून मागवल्या, त्या अधिकाऱ्यांकडून. खोगिरावर बसलेल्या माणसाने लिहिलेला इतिहास विरळाच. माझ्या मते हे अस्सल साधन आहे.

केळणाकाठ
अस्सल, पण कशापुरतं? 7 वी हुसार ग्रँटच्या ब्रिगेडमध्ये होती, उजव्या बाजूला, हुगूमोंच्या वाड्याच्या मागच्या अंगाला. वेलिंग्टन सैन्य शक्यतो चढणीच्या पलीकडच्या उतारावर दडवून ठेवी. म्हणजे स्वाराला समोर दिसणार चढण आणि वर धूर. डाव्या टोकाला पापलोतच्या वाड्याजवळ काय चाललंय, वेलिंग्टनच्या मदतीला आलेले प्रशियन प्लान्सनुआ गावात कधी घुसले, हे त्याने पाहिलेलं नाही. ते नंतर वाचलेलं किंवा ऐकलेलं. सिबॉर्नचा इतिहास 1844 चा, कॉटनचं पुस्तक त्यानंतरचं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि एकाच प्रसंगात पलटणींची नावं त्याच क्रमाने येतात का ते तपासा. येत असतील तर ती साक्ष नव्हे, उतारा.

पदपथ_फोर्ट
प्लान्सनुआ सोडून देतो. पण जमिनीचं काय? रणभूमीवर स्मारक म्हणून रचलेली सिंहाची टेकडी 1826 मध्ये पुरी झाली, सुमारे 40 मीटर उंच, आणि तिच्यासाठी माती खणली ती वेलिंग्टनच्याच फळीवरची. मधली चढण कायमची खचली. सिबॉर्नने जमिनीची मोजणी केली 1830 मध्ये, आठ महिने फळीच्या मधोमधच्या ला-ए-सेंतच्या वाड्यात मुक्काम ठोकून. म्हणजे टेकडी उभी राहिल्यावर! कॉटनने मूळची चढण डोळ्यांनी पाहिली होती.

केळणाकाठ
एकाच दिवशी, तीही उजवीकडून. माती उपसली गेली ती मधून. शिवाय रोज तीच वाट, तेच प्रश्न. सांगता सांगता गोष्ट गुळगुळीत होते, आणि स्वतःचं छोटं संग्रहालय चालवणाऱ्याला तर ती रंगतदारच लागते.

वाटाड्यांवर किती विसंबायचं ते आपल्याकडेच बघा. 23 सप्टेंबर 1803, असई. केळणा नदीला इथे उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही, असं वाटाडे वेलस्लीला (पुढे हाच वेलिंग्टन) सांगत होते. त्याला समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड दिसली. दोन गावं अशी वसलीत म्हणजे मधून येणं-जाणं असणारच, असा त्याने अंदाज बांधला, आणि उतार निघाला.

पदपथ_फोर्ट
तिथले वाटाडे बारा वर्षांनी वॉटर्लूला नव्हते हो! उदाहरण झकास, पण कॉटनला लागू नाही.

शिवण_आणि_खळ
भांडण चालू द्या, पण प्रत घेताना आधी वर्ष बघा. कॉटन गेल्यावरही आवृत्त्या निघत राहिल्या. 1849 नंतरच्या प्रतीतलं वाक्य त्याचंच आहे असं गृहीत धरू नका. जुन्या प्रतीशी ताडा. उद्धृत करताना आवृत्तीचं वर्ष लिहिलं नाही तर वरचा सगळा वाद फुकट.

नकाशा असेल तर घड्या उजेडासमोर धरून तपासा. कागद आधी फाटतो तो जिथे आडवी-उभी घडी एकमेकींना छेदते तिथे. सेलोटेप लावू नका. काही वर्षांत गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग निघत नाही. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, तीही मागच्या बाजूने, पट्टी बोटाच्या पेरापेक्षा अरुंद. जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नका. मुंबईच्या हवेत खळ सुकत नाही, बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा ठेवा.

केळणाकाठ
हे सगळ्यात कामाचं. माझी अट एवढीच: हुगूमोंची पानं साक्ष म्हणून वाचा, बाकीची सिबॉर्न हाताशी ठेवून.

पदपथ_फोर्ट
हुगूमों तर त्याचं घरच. मेल्यावर आधी पुरलाही तिथल्याच बागेत. पण ला-ए-सेंतची पानं मी तुमच्या ‘बाकी’त टाकू देणार नाही.