भिंतीवर फोटो माधुरीचा का? गे पुरुष आणि नट्यांचं वेड

रंकाळा_संध्याकाळ (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी रंकाळ्यावर आम्ही पाचसहाजण भेळ खात बसलेलो, त्यातला एक जुना मित्र म्हणाला, भावा राग मानू नको पण एक विचारू काय, तुम्हा गे लोकांना माधुरी, श्रीदेवी, रेखा यांचं एवढं येड कशापायी, आवडतात पुरुष तर मग भिंतीवर फोटो बाईचा कसा? प्रश्न मनापासून होता. मला तिथं धड सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितोय.

१९९५ ला मी अकरा वर्षांचा. शाहूपुरीत घर, नुकतं केबल आलेलं. घरात कोण नसलं की आतनं कडी लावायची, पप्पांचा पंचा डोक्याला बांधून त्याचा शेपटा सोडायचा, टेपचा आवाज अगदी बारीक ठेवायचा आणि कपाटाच्या आरशासमोर माधुरीच्या स्टेपा. एकदा कडी नीट बसली नव्हती, आजी आत आली. मी जागच्या जागी थिजलो. आजीनं तिच्या वयात जयश्री गडकरांचे पिक्चर टॉकीजमध्ये परत परत बघितलेले, ती नुसतं म्हणाली, "मनगट सैल सोड, आन् मान आधी फिरव, डोळं मागनं." आणि वाटी घेऊन गेली. आजपर्यंत मला तेवढं शांत दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

आता उत्तर. आपल्या गाण्यात पुरुषाकडं बघून 'तू मला हवास' असं उघड कोण म्हणतंय? हिरॉइन. हिरो गाणार पोरीसाठी, ती भाषा माझ्या कामाची नव्हती. लावणी घ्या, राया, सख्या, पाव्हणं, सगळं पुरुषालाच. मग माझ्या पोटातलं बोलायचं तर 'आले', 'थांबले', 'झुरले' असंच म्हणायला लागणार, 'आलो', 'झुरलो' म्हणत एखाद्या गड्याला हाक मारणारं गाणं मला तरी कुठं सापडलं नव्हतं. मला बाई व्हायचं नव्हतं, मला ते वाक्य पायजे होतं आणि ते तिच्याकडं होतं.

तालमीतला_गडी:
भावा तुझ्या आजीला नमस्कार, पण मला हे पटत नाही आणि का ते सांगतो. मीपण गे आहे. लहानपणापासनं तालीम, खासबागेत कुस्त्या बघत वाढलो, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची एक मॅच चुकवत नाही. मला एका पण नटीचं वेड नाही, कधी नव्हतं. घरी सांगितलं तवा थोरला भाऊ पहिलं वाक्य काय बोलला असेल, "तू तसला दिसत नाहीस." म्हणजे त्याच्या डोक्यात गे म्हणजे ओढणी घेऊन नाचणारा एवढंच चित्र, आणि मी त्यात बसत नाही म्हणून मी खोटं बोलतोय. दोन वर्षं माझ्यासाठी पोरी बघत होते. ते चित्र असल्या चर्चांनी अजून पक्कं होतंय. जे नाचतात ते दिसतात, जे नाचत नाहीत ते कुणाला दिसत नाहीत, एवढीच गोष्ट आहे. आणि माधुरीचे फोटो तर त्या काळी निम्म्या सलूनच्या भिंतीवर होते, ती काय सगळी गे होती काय?

रंकाळा_संध्याकाळ:
मर्दा, तुझ्या घरचं वाचून वाईट वाटलं, आणि 'सगळे गे असेच' असं मी म्हणत नाही, लिहिलं तसं वाटत असेल तर ती माझी चूक. पण सलूनमधला फोटो आणि माझ्या भिंतीवरचा फोटो एक नाही. त्यांना ती हवी होती. मला तिच्या जागी उभं राहून समोर बघायचं होतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ज्युडी गार्लंड नावाची नटी-गायिका होती, १९३९ मध्ये 'विझार्ड ऑफ ओझ' पिक्चरात डोरोथी नावाच्या पोरीचं काम केलेलं, पुढं तिथले गे पुरुष एकमेकांना 'डोरोथीचा मित्र' अशा सांकेतिक भाषेत ओळखायचे. तिला पोरवयापासून स्टुडिओनं गोळ्यांवर ठेवलं, पाच लग्नं, किती वेळा संपली म्हणून लोकांनी सोडून दिली आणि तरी १९६१ ला कार्नेगी हॉलमध्ये उभी राहिली तर लोक वेडे झाले. दुनियेसमोर हसायचं आणि आत मोडायचं हे ज्याला रोज करावं लागतंय त्याला ती आपली वाटणारच की. १९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला तिचा अंत्यविधी झाला आणि त्याच रात्री तिथल्या स्टोनवॉल या गे बारमध्ये उठाव पेटला.

तालमीतला_गडी:
हे शेवटचं असं जोडू नको. २७ जूनला अंत्यविधी आणि मध्यरात्रीनंतर स्टोनवॉल हे खरं, पण तो उठाव पोलिसांच्या धाडींविरुद्ध होता. वर्षानुवर्षं बारमधनं उचलून न्यायचे, त्या दिवशी पोरांनी मार खाल्ला नाही. ते एका गायिकेच्या दुःखानं झालं म्हटलं की त्यांची हिंमत कमी होतीय. बऱ्याच इतिहासकारांनी पण हा संबंध मानलेला नाही.

रंकाळा_संध्याकाळ:
मान्य. मागं घेतो.

घुंगरू_ताई:
मी पंधरा वर्षं लावणी शिकवते, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते. दादा, तुमचं 'ते वाक्य पायजे होतं' वाचून डोळ्यात पाणी आलं, तरी माझी तक्रार आहे. कौतुक बाईचं होतंय का तिच्या नटण्याचं? पायात कित्येक किलो घुंगरं, नऊवारी घट्ट कसलेली, त्यात तास-दीड तास नाचल्यावर रात्री पोटऱ्यांना तेल लावून झोप येत नाही, आणि स्टेजच्या खाली उभा असलेला माणूस काय बोलतो ते ऐकून घ्यावं लागतं. ते कुणी घेत नाही, पदर तेवढा घेतात. मागं एका मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या मुलींनंतर एक मुलगा साडी नेसून आला, आमचंच सगळं दुप्पट मोठं करून दाखवलं, लोक लोळून हसले, आणि माझी सोळा वर्षांची विद्यार्थिनी विंगेत विचारते, "ताई, आम्ही पण अशाच दिसतो का हो?" तिला काय सांगू?

रंकाळा_संध्याकाळ:
ताई, त्या मुलीला सांगा की ती नक्कल होती, वेड नव्हतं. साडी नेसून लोकांना हसवणारा बहुतेक वेळा आमच्यातला नसतोय, आणि आमच्यावर हसणाऱ्या लोकांसाठीच तो नाचत असतोय. जो खरा वेडा असतो तो एक गिरकी महिनाभर घासतो. माझ्या ओळखीत एकजण दिवसा दुकानात बसतो, रात्री शटर ओढून मागच्या खोलीत घुंगरं बांधतो, बोटाला चिरा पडल्यात गाठी मारून मारून. पण कष्ट तुम्ही म्हणता तसे बाजूलाच राहतात बऱ्याचदा, हेपण खरं. मी स्वतः माधुरीच्या हसण्यावर तासभर बोलेन, पण तिनं बरीच वर्षं कथक शिकलंय हे मला किती उशिरा कळलं.

पेठेतले_काका:
वय ७२, शिवाजी पेठ. तुम्हा मुलांचं वाचून बरं वाटलं, आमच्या वेळी यावर तोंड उघडता येत नव्हतं. फक्त एक गल्लत करू नका. बाईचं काम करणारा पुरुष म्हणजे गे, असं समीकरण नाही. बालगंधर्व संसारी गृहस्थ, आणि त्यांचं लुगडं, दागिने, केसांतला गजरा पाहून घराघरांतल्या बायका त्यांचं अनुकरण करत. म्हणजे तिथं बाईनं पुरुषाकडून बाई व्हायला शिकलं, उलटा प्रवास! आपले केशवराव भोसले पोरवयात शारदेचं काम करत, पुढं १९२१ च्या संयुक्त मानापमान नाटकात तेच नायक धैर्यधर झाले आणि नायिका भामिनी बालगंधर्व. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधून घेतलेल्या पॅलेस थिएटरला पुढं केशवरावांचं नाव मिळालं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी रस्त्यावर उभा राहून रडलोय. आणि गणपत पाटील, आपल्या कोल्हापूरचा माणूस, बायकापोरं असलेला. पडद्यावर नाच्या रंगवला म्हणून लोकांनी त्यांच्याकडं आयुष्यभर संशयानं पाहिलं. तेव्हा आवड, अभिनय आणि ओढ या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा.

धागाकर्त्या बाळा, तुझ्या 'आले-आलो'बद्दल मात्र एक आठवलं. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी वाच. पुरुषानं स्त्री होऊन विठ्ठलाला आळवलंय. लावण्यासुद्धा होनाजी, राम जोशी, पठ्ठे बापूराव, पुरुषांनीच लिहिल्या. ते वाक्य एकट्या बाईचं कधीच नव्हतं.

कॉलेज_कट्टा:
मी २०. ही सगळी तुमच्या पिढीची गरज होती असं वाटतं. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा, म्हणजे समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल लागला तवा मी शाळेत होतो. आता दोन पोरांची लव्हस्टोरी मोबाईलवर बघायला मिळते, मग हिरॉइनच्या आडनं कशाला बोलायचं. तरी लेडी गागाच्या स्टेपा मला पाठ आहेत, ते का ते नाही सांगता येत.

आणि नक्कल कोण कुणाची करतंय हेपण बघा. पॉपगायिका मॅडोनाचं १९९० चं 'व्होग' गाणं, त्यातलं हातांचं सगळं काम न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या आणि लॅटिनो गे पोरांचं आणि ट्रान्स बायकांचं. जगभर नाव तिचं झालं.

रंकाळा_संध्याकाळ:
त्याच बाईनं १९८९ च्या अल्बममध्ये एड्सची माहिती देणारा कागद घातलेला, लोक पेशंटच्या हाताला हात लावत नव्हते तवा. घेतलं तसं दिलंपण. आम्ही त्यांना धरून राहिलो त्याचं निम्मं कारण तेच आहे, बाकीचे तोंड फिरवून उभे असताना ह्या बाया शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझी आजी पण त्यातलीच.

तालमीतला_गडी:
काकांचं तीन गोष्टींचं पटलं. माझं म्हणणं तरीपण ऱ्हाणार, पोस्टर नसलेले आम्हीपण आहोत आणि आम्हाला कुणी मोजत नाही. पण आज तुझं वाचून एक आठवलं ते लिहितो. तालमीत वस्ताद रेडिओ लावायचे, पहाटे, आम्ही बैठका मारायचो. एक ठराविक लावणी लागली की माझी मोजणी चुकायची. दरवेळी. मला वाटायचं चाल आवडती म्हणून.

घुंगरू_ताई:
दादा, ते शटर ओढून नाचणारे तुमच्या ओळखीचे, त्यांना विचारा माझ्या क्लासला येणार का. शनिवारी संध्याकाळी मोठ्यांची बॅच असते. घुंगराच्या गाठी चुकीच्या मारत असणार ते, बोटाला चिरा पडायला नकोत.