गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय वाकत नाहीये, मदत हवी आहे

रात्रपाळी: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. व्यायाम चालू आहेत, पण पाय वाकायचं नाव घेत नाही. फिजिओ आठवड्यातून एकदाच येतात. घरी अजून काय करता येईल? जरा लवकर सांगा, शनिवारी दाखवायला जायचंय.

खडीसाखर: ऑपरेशन कोणतं? सांधा बदलला, लिगामेंट जोडलं की गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) शिवली? तिन्हींचे नियम वेगळे. गादी शिवली असेल तर बऱ्याचदा पहिले ४ ते ६ आठवडे ९० अंशांपुढे मुद्दाम वाकवू देत नाहीत. आणि आता किती वाकतोय?

रात्रपाळी: सांधा बदललाय, उजवा. अंश कसे मोजायचे?

खडीसाखर: कडक खुर्चीत बसवा, टाच मागे सरकवत न्या. मांडी आडवी आणि नडगी बरोबर उभी, म्हणजे ९०. ढुंगण उचलून फसवतात, तिकडे लक्ष ठेवा. टाच पोचली तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा, रोजची प्रगती दिसते.

मशीनवाला: सीपीएम मशीन, म्हणजे पाय आपोआप हलवणारं यंत्र, भाड्याने आणा. झोपल्या झोपल्या पाय वाकतो.

खडीसाखर: मशीन पाय हलवतं, स्नायू नाही. पुढे जाऊन फारसा फरक पडत नाही म्हणून अनेक सर्जननी ते बंद केलंय.

मशीनवाला: सगळ्यांनी नाही. ज्यांना दुखण्याची भीती वाटते त्यांना उपयोग होतो.

तुळसीवृंदावन: महानारायण तेल कोमट करून चोळा.

खडीसाखर: जखमेवर तेल अजिबात नको! खपली पूर्ण पडून सर्जननी हो म्हटल्यावर बघा.

रात्रपाळी: नडगी जवळजवळ उभी होते. ८५ धरा.

खडीसाखर: तीन आठवड्यांना ८५ म्हणजे फार वाईट नाही. पाय सरळ होतो का ते सांगा, कोणी विचारतच नाही. पलंगावर झोपवल्यावर गुडघ्यामागून हात सरकतो?

रात्रपाळी: चार बोटं सहज जातात. रात्री खाली उशी लागते, त्याशिवाय झोप येत नाही.

खडीसाखर: मग मूळ तिथेच आहे. उशी आजच काढा. गुडघा रात्रभर वाकलेला राहिला की मागचे पदर त्याच मापात आखडतात, मग चालताना पाय आखूड पडतो. वाकणं पुढे महिनोन्महिने वाढत राहतं, सरळपणा मात्र सुरुवातीलाच गेला की परत मिळवायला फार जड. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी, १० मिनिटं, दिवसातून तीनदा. त्यातच मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, ५ सेकंद, १० वेळा.

फिजिओ_नाशिक: सहमत. वाकवण्यासाठी पायात मोजा घालून टाच पलंगावर सरकवायची, ओढणी तळव्याला अडकवून हळू ओढायची. ताण येईल तिथे ५ सेकंद थांबा, झटका नको. दुखण्याची गोळी, डॉक्टरांनी दिलीय तीच, अर्धा तास आधी. नंतर बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर व्यायाम जास्त झाला. आणि पोटरी दुखत, सुजत असेल तर शनिवारची वाट न पाहता लगेच फोन करा, रक्ताची गुठळी असू शकते. अचानक धाप लागली तर थेट इमर्जन्सी.

जिना_दुसरा_मजला: जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात.

तुळसीवृंदावन: वजन किती आहे आईंचं?

रात्रपाळी: उशी काढली, आई वैतागलीय. टॉवेलवर पाचच मिनिटं टिकली.

खडीसाखर: पाचच मिनिटं, पण दिवसातून सहा वेळा करा. बोटं चाराची तीन झाली की शनिवारी तेही सांगा.

जिना_दुसरा_मजला: कमोड उंच करायचं स्टँड कुठे मिळतं कोणाला माहीत आहे का?