गवत कापायचं मशीन आणि इन्व्हर्टर, ४० हजारांत पावसाआधी दोन्ही जमवायचंय – मदत हवी आहे

कुळागर_डिचोली

नमस्कार मंडळी,

घर डिचोली तालुक्यात, गावाच्या कडेला. मंगळुरी कौलांचं जुनं घर, पुढे अंगण, अंगणापलीकडे थोडं लावलेलं लॉन, मागे परसात माड, फणस, केळी. सगळी जागा मिळून ८०० चौरस मीटरच्या आसपास. दोन खर्च एकदम समोर उभे राहिलेत आणि दोन्ही पाऊस धरायच्या आत उरकायला हवेत.

पहिला गवताचा. जूनमध्ये पाऊस लागला की महिन्याभरात परसात गुडघाभर रान माजतं. ब्रश कटरवाला माणूस आहे, पण चवथीच्या तोंडावर तो अख्ख्या गावाला हवा असतो. त्याचा दिवस मिळेपर्यंत गवत कमरेला लागतं. मागे चिऱ्यांचा गडगा आहे, तिथे फुरसं (विषारी साप) निघालेलं आहे, आणि विहिरीची वाट त्याच बाजूने जाते. मजुरी दिवसाला दीड हजाराच्या वर, पेट्रोल वेगळं, आणि मोसमात एकदा कापून भागत नाही. म्हणून घरचं मशीन घ्यावं म्हणतोय. मला कमरेचं दुखणं आहे, पेट्रोलचं धूड पेलणार नाही, त्यामुळे बॅटरीचं.

दुसरा खर्च विजेचा, आणि खरी काळजी त्याचीच. आई अंथरुणाला खिळून आहे. तिच्या खाली हवेची गादी आहे, एअर बेड. त्याचा छोटा पंप सतत चालू लागतो. तो गादीचे कप्पे आळीपाळीने भरतो आणि सोडतो, त्यामुळे पाठीवर एकाच जागी भार राहत नाही आणि जखमा होत नाहीत. वीज गेली की पंप थांबतो आणि गादी हळूहळू बसायला लागते. पावसात माडाची झावळ तारेवर पडली की आमची लाईन गेलीच. रात्री गेली तर कित्येकदा सकाळीच येते. एवढ्या वादळात लाईनमन तरी कुठेकुठे पोचणार.

दुकानात विचारलं. त्यांनी १५० एएचच्या (अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) दोन बॅटऱ्या आणि २४ व्होल्टचा मोठा इन्व्हर्टर सांगितला, हिशेब ५० हजारांच्या पुढे गेला. ऑनलाइन ती सुटकेससारखी पोर्टेबल पॉवर स्टेशनं पाहिली, ५०० वॉट-अवरचं एक चाळीसेक हजारांना होतं. मेहुणा अमेरिकेत असतो. तिथे सेलमध्ये बॅटरीचं लॉनमोवर आणि पॉवर स्टेशन दोन्ही निम्म्या किमतीत मिळतात, येताना घेऊन येतो म्हणतोय. शिवाय एक शंका: गवत मशीनच्या बॅटरीवरच आईचा पंप चालवता येईल का? म्हणजे एकाच खर्चात दोन्ही कामं.

बजेट ४० हजार, ओढूनताणून ४५. कुठे हात आखडता घ्यावा आणि कुठे घेऊ नये, एवढं सांगा.

विजेचं_काम_फोंडा

पैसे वाचवायची सुरुवात दुकानात होत नाही, घरात वही घेऊन बसल्यावर होते. वीज गेल्यावर नेमकं काय चालू राहायला हवं ते लिहा, आणि प्रत्येक वस्तूच्या मागच्या लेबलवरचा वॉट आकडा लिहा. एअर बेडच्या पंपावर किती वॉट लिहिलंय? पंखे किती, कुठले? फ्रीज आणि विहिरीचा पंप इन्व्हर्टरवर घ्यायचाय का? हे कळल्याशिवाय दोन बॅटऱ्या लागतात की एक, हे कोणीच सांगू शकत नाही.

कुळागर_डिचोली

आत्ताच टॉर्च घेऊन पाहिलं. पंपावर ७ वॉट लिहिलंय, मला वाटलं होतं बरंच जास्त असेल. पंखे दोन, जुने, ७५ वॉटचे. एलईडी दिवे तीन, ९ वॉटचे. मुलाचं काम घरून चालतं, त्याचा राऊटर साधारण १२ वॉटचा आणि लॅपटॉप. फ्रीज चालला तर बरं. विहिरीचा पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा.

विजेचं_काम_फोंडा

बघा, ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त काळजी आहे ती वस्तू सर्वांत कमी वीज खाते. बॅटरी खाणारे तुमचे दोन पंखे आहेत.

हिशेब असा. व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-अवर; १२ व्होल्ट, १५० एएचची ट्युब्युलर (इन्व्हर्टरची नेहमीची लेड-ॲसिड) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. पण लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत उपसली की तिचं आयुष्य घटतं, आणि इन्व्हर्टर स्वतःही काही खातो. हाती हजारेक वॉट-अवर येतात असं धरा. तुमचा आजचा भार पंखे १५०, दिवे २७, राऊटर १२, पंप ७, म्हणजे जवळपास २०० वॉट. म्हणजे बॅटरी पाच तास पुरते. रात्र निघत नाही, म्हणून दुकानदाराने दुसरी बॅटरी सांगितली. त्याचं गणित चूक नाही, पण तो पंख्यांना हात न लावता केलेला हिशेब आहे.

आता दोन्ही पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. एक पंखा पूर्ण वेगात ३० वॉटच्या आसपास घेतो. भार येतो ११० वर, आणि तीच एक बॅटरी नऊ तास ओढते. दोन पंख्यांना सहा हजार लागतील, दुसऱ्या बॅटरीला त्याच्या दुपटीहून जास्त. वर पंख्यांची बचत वीज असतानाही महिन्याच्या बिलात दिसते आणि २४ व्होल्टचा मोठा इन्व्हर्टरही लागत नाही. १२ व्होल्टचा ९०० व्हीएच्या आसपासचा पुरतो. मात्र प्युअर साईन वेव्हच घ्या, म्हणजे घरच्या विजेसारखीच लहर देणारा. स्क्वेअर वेव्ह स्वस्त मिळतो, पण त्यावर पंखे घूंऽऽ करतात आणि आईच्या पंपासारखी नाजूक मोटर तापते. इथे हात आखडता घेऊ नका.

फ्रीज विसरा. दार उघडलं नाही तर चारेक तास आतला गारवा टिकतो. विहिरीचा पंपही नको. तो सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि तेवढ्यासाठी इन्व्हर्टरची साईझ वाढवावी लागते. ढग भरून आले की टाकी भरून ठेवायची.

बॅटरी घेताना दोन गोष्टी वाचा. एक, क्षमता सी१० ची आहे की सी२० ची. १५० एएच दोन्हीवर लिहिलेलं असतं, पण सी१० म्हणजे दहा तासांत उपसूनही तेवढी देते, तीच जास्त दमदार. दोन, वॉरंटी. ‘३६ अधिक २४ महिने’ असं लिहिलं असेल तर पहिल्या ३६ मध्येच नवी बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये फक्त किमतीत काही टक्के सूट. ऑनलाइन दोन हजार स्वस्त दिसली तरी बॅटरी जवळच्या दुकानातूनच घ्या. पंचेचाळीस-पन्नास किलोचं ओझं वॉरंटीसाठी पार्सल करणार कसं?

आणि इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो. गावात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर उतरत असेल आणि खटका यूपीएसवर असेल, तर वीज असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि खरी वीज जाते तेव्हा बॅटरी अर्धी रिकामी असते. पंखे-दिव्यांसाठी नॉर्मलवरच ठेवा.

सावईवेरे_परसबाग

लिथियमचं कोणी बोललं नाही म्हणून. १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-अवरची असते, पण ती जवळपास सगळी वापरता येते. म्हणजे कामाला १५० एएचच्या ट्युब्युलरइतकीच. डिस्टिल्ड वॉटर घालायला नको, आयुष्य जास्त, चार्जिंग लवकर. किंमत मात्र आज जास्त आहे. इन्व्हर्टर असा घ्या ज्यात बॅटरी प्रकार निवडायची सोय आहे आणि त्यात लिथियम आहे. आत्ता ट्युब्युलर लावा, ती थकली की लिथियम. इन्व्हर्टर परत घ्यावा लागणार नाही.

पणजी_ते_न्यूजर्सी

मेहुण्याला आजच फोन करून थांबवा. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिथल्या पॉवर स्टेशनच्या सॉकेटमधून १२० व्होल्ट येतात, आईचा पंप २३० चा. टूलचे चार्जरही बरेचसे फक्त १२० व्होल्टचे असतात, इथे लावले की जळतात.

त्याहून मोठी अडचण विमानाची. लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत हातातल्या सामानातून नेता येते, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर प्रवासी सामानातून अजिबात नाही. ५०० चं पॉवर स्टेशन विमानतळावरच ठेवून यावं लागेल. सुटी बॅटरी चेक-इन बॅगेत तर मुळीच टाकायची नाही. तिथले सेल तिथल्या लोकांसाठी चांगले आहेत, त्या लॉनमोवरला इथे ना सुटे भाग ना वॉरंटी.

भाटकार_नव्हे_शेतकरी

गवताबद्दल लिहितो, माझ्याकडे दोन्ही मशीनं आहेत.

आधी व्होल्टचा घोळ समजून घ्या, कारण पैसे तिथेच जातात. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा. पाच सेल जोडले की १८, पूर्ण चार्ज केले की २१. म्हणजे ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ या एकाच ताकदीच्या बॅटऱ्या आहेत. ऑनलाइन ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं ठळक छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात, त्यातल्या बहुतेकांच्या आतही तेच पाच सेल असतात. मी एक उघडून पाहिली आहे. खरे ३६ व्होल्ट हवेत तर दहा सेल लागतात आणि ते वजनावरूनही कळतं. वॉट-अवर बघा. १८ व्होल्ट, ४ एएच म्हणजे ७२ वॉट-अवर, उंच गवतात वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

आता तुमची जागा. पुढचं लॉन आणि अंगणाच्या कडा १८ व्होल्टच्या ट्रिमरने आरामात होतील, नायलॉन दोरी लावून. मागचं परस कमरेइतकं वाढल्यावर त्या ट्रिमरच्या आवाक्यात नाही. ओलं गवत डोक्याला गुंडाळतं, मोटर तापते, बॅटरी बसते. पण तेच गवत घोट्याच्या वर जाऊच दिलं नाही, तर हाच ट्रिमर पुरतो. म्हणून मोसमात एकदा, जुलैच्या मध्याला, ब्रश कटरवाल्याला बोलवा. तेव्हा त्याला गर्दी नसते. त्यानंतर दर आठवड्याला एक तुकडा असं तुम्ही राखत जा. मजुरी एका दिवसावर येते आणि विहिरीची वाट कायम मोकळी राहते. फुरशाच्या बाबतीत तीच खरी गरज. गमबूट आणि चष्मा मात्र पहिल्या दिवसापासून. चिऱ्याची कपची उडून डोळ्याला लागते.

वायरचा विजेवर चालणारा ट्रिमर याहून स्वस्त येतो, पण आमच्याकडे जूनपासून चार महिने गवत ओलंच असतं. ओल्यात २३० व्होल्टची वायर ओढत फिरू नका. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

मशीन अशा कंपनीचं घ्या जिचा ड्रिल, ब्लोअर, छोटी करवत त्याच बॅटरीवर चालते आणि जिचं सर्व्हिस सेंटर गोव्यात आहे. पुढची हत्यारं मग बॅटरीशिवाय नुसती बॉडी घेता येतात, तिथे खरी बचत. पावसानंतर ठेवून देताना बॅटरी अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा.

तुमच्या नावावर कृषी कार्ड (शेतकऱ्याला कृषी खात्याकडून मिळतं ते) असेल तर घेण्याआधी विभागीय कृषी कार्यालयात विचारा. अवजारांवर अनुदान असतं, पण बिल आधी आणि अर्ज नंतर असं करू नका.

आईचा पंप मशीनच्या बॅटरीवर चालवायचं म्हणालात. बॅटरीवर बसणारे छोटे इन्व्हर्टर मिळतात आणि ७ वॉटचा पंप काही तास चालेलही. पण ज्या संध्याकाळी तुम्ही गवत कापून बॅटरी संपवाल त्याच रात्री वीज जाईल. आईची सोय वेगळीच ठेवा.

साखळी_सोलर_इच्छुक

यापेक्षा छपरावर सोलर का नाही? पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार अनुदान आहे.

विजेचं_काम_फोंडा

बिल कमी करायला उत्तम योजना. पण बॅटरीशिवायचं ऑन-ग्रिड सोलर लाईन गेली की स्वतःही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भर दुपारीसुद्धा आईचा पंप चालणार नाही. शिवाय माडांची सावली आणि जुनी कौलं बघता आधी कोणीतरी छप्पर तपासावं लागेल. हा पुढच्या वर्षाचा विषय.

परिचारिका_म्हापसा

एक तांत्रिक नसलेली गोष्ट. गादी चालू असली तरी दर दोन तासांनी आईची कूस बदलायची असते. पंप बंद पडला तर याच वेळा काटेकोर पाळा, टाचा आणि माकडहाडाकडे लक्ष ठेवा. गादी बसली म्हणून घाबरून जाऊ नका, पण रात्री कोण उठणार हे घरात आधीच ठरवून ठेवा.

कुळागर_डिचोली

सगळ्यांचे मनापासून आभार. मेहुण्याला कळवलं. आता असं ठरतंय: बीएलडीसी पंखे दोन, सहा हजार. साईन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएच, सी१० ची एक बॅटरी, दुसऱ्या दुकानात सांगितलेला भाव पंचवीस हजार, बसवून. उरलेल्या नऊ हजारांत एका बॅटरीचा १८ व्होल्ट ट्रिमर. ट्रिमरची दुसरी बॅटरी दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये. कूस बदलायच्या पाळ्या मी आणि बायकोने वाटून घेतल्या.

शेवटची शंका. घराची वायरिंग जुनी आहे, मेन बोर्डावर ईएलसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा खटका) बसवलेला आहे. इन्व्हर्टर जोडताना वायरमनला काय सांगू?

विजेचं_काम_फोंडा

इन्व्हर्टरवर जाणाऱ्या पॉईंटना फेज जशी वेगळी ओढतात तसा न्यूट्रलही वेगळा ओढायला सांगा. जुन्या घरात न्यूट्रल दुसऱ्या लाईनशी जोडलेला असतो आणि मग ईएलसीबी सारखा पडतो. कंटाळून लोक ईएलसीबीच काढून टाकतात, तसं करू देऊ नका. अर्थिंगचा खड्डा आताच तपासून घ्या, चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठाक असते तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते. बॅटरी आईच्या खोलीत नको, चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो. हवेशीर पडवीत, पावसाचा ओलावा पोचणार नाही अशा जागी ठेवा. आणि सगळं बसवून झालं की एका रात्री स्वतःच मेन स्विच बंद करून पहाटेपर्यंत चालतं का ते बघा, जूनच्या आधी.