पहिली वेबसाइट करताना काय केलंत, काय चुकलं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

चरईकर

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतेय, कारण महिन्याभरात ओळखीच्या तिघींनी एकच विचारलं, धंद्याची वेबसाइट करायचीय, माणूस कसा शोधायचा. मी चरईत घरून फराळ आणि उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. आधी माझंच सांगते.

साइट चार वर्षांपूर्वी केली, ओळखीतला मुलगा होता, पंधरा हजारात छान करून दिली. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, पण त्यानेच घेतलं, म्हणाला काकू तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघतो. दोन वर्षांनी गणपतीच्या बरोबर अकरा दिवस आधी साइट उघडेना! डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर, मुदत संपत आल्याचे मेल त्यालाच जात होते आणि तो ईमेल त्याने बघणंच सोडलेलं, नोकरीला बाहेरगावी गेला होता. डोमेन कंपनीला फोन केला तर ते म्हणाले खातं ज्याचं आहे त्याच्याशीच बोलू, आणि नियमाने त्यांचं बरोबरच होतं. इकडे मोदकांच्या हजार खोक्यांवर तोच पत्ता छापून आलेला. शेवटी उथळसरला त्याच्या आईचं घर शोधून काढलं, माउलीने समोर बसवून फोन लावून दिला तेव्हा काम झालं. डॉट कॉम नाव मुदत संपल्या दिवशीच जात नाही, सुरुवातीचे काही दिवस नेहमीच्या दरात भरता येतं, ते गेले की पुढचे ३० दिवस दंड भरून सोडवावं लागतं, आणि तेही गेले की थोड्याच दिवसांत कोणीही घेऊ शकतं. आम्ही दंडाच्या आधी पोचलो.

म्हणून सगळ्यांना कळकळीने सांगते, डोमेन आणि होस्टिंग (साइट जिथे ठेवतात ती भाड्याची जागा) स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशाने घ्या. काम करणाऱ्याला हवं तेव्हा लॉगिन द्या, पण गाळा जसा आपल्या नावावर घेतो तसंच हे. आता तुमचे अनुभव येऊ देत.

रबाळे एमआयडीसी

आमचं हॉटेलांसाठी स्टीलची टेबलं, सिंक, भट्ट्या बनवायचं काम आहे. तीन जणांकडून कोटेशन मागवलं, एक २२ हजार, एक ४५, एक ९०. तुलना करणार कशी, प्रत्येकाने वेगळंच काही धरलेलं, एकाने होस्टिंग धरलं होतं एकाने नाही, एकाचा १८ टक्के जीएसटी वरून, एकाने फोटो काढायचे पण लावलेले. चूक माझी होती, मी नुसतं "कंपनीची चांगली साइट पाहिजे" एवढंच सांगितलेलं.

मग ठाणे-वाशी लोकलमध्ये एका चलनाच्या पाठीवर लिहायला घेतलं की आपल्या साइटवर येणार कोण आणि त्याला हवं काय. हॉटेलचा पर्चेसवाला येणार, त्याला पत्रा ३०४ ग्रेड आहे का २०२, जाडी किती, माप बदलून मिळेल का, माल किती दिवसात आणि आधी कुठे काम केलंय त्याचे फोटो, बस. आमच्या वडिलांचा जीवनप्रवास त्याला नकोय (वडिलांना हे समजवायला एक आठवडा गेला). पानं झाली चार. तोच कागद तिघांना पाठवला तर २२ वाला ३८ वर आला आणि ९० वाला ६० वर! आता तुलना करता आली. मी मधल्याला काम दिलं, कारण त्याने पहिल्या भेटीत लॅपटॉप उघडलाच नाही, विचारलं की गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला सगळ्यात आधी काय विचारतं. पैसे ४० टक्के आधी, ३० डिझाइन पास झाल्यावर, ३० साइट चालू झाल्यावर. दुरुस्त्या किती वेळा करून मिळणार ते पण लिहून घ्या, आमचं वाजलं ते तिथेच.

नेरूळची डिझायनर

दुसऱ्या बाजूने लिहिते, नऊ वर्षं हेच काम करतेय. काम अडतं ते डिझाइनमुळे फार कमी, अडतं मजकुरासाठी. लोक म्हणतात तुम्ही सुरू करा आम्ही देतो, आणि तीन महिने काही येत नाही. लोगो व्हॉट्सअपवर फोटो म्हणून येतो, पुसट, कडा फाटलेल्या. लोगो बनवणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्या, नंतर तो सापडत नाही.

मराठी मजकुराचं तर जिवाला लागतं माझ्या. छापखान्यातून आलेली फाइल श्रीलिपी नाहीतर कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असते, ती साइटवर चिकटवली की अक्षरांच्या जागी नुसती चिन्हं. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखी दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावी लागते, आणि बदलल्यावर ओळ न ओळ वाचायची, कारण "दुसऱ्या"तला ऱ्या तुटतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. एका ताईंच्या दरपत्रकात चिवड्याचा दर उडाला होता, दोघींनी मोठ्याने वाचलं तेव्हा सापडलं. फॉन्टला पैसे घालवू नका, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला 'मुक्ता' फुकट आहे आणि मोबाइलवर सुरेख वाचता येतो.

अजून एक, जे आमच्यातले बरेच जण स्वतःहून सांगत नाहीत. बाहेरच्या माणसाकडून डिझाइन आणि कोड करून घेतलात की नुसते पैसे दिले म्हणून त्याचे हक्क तुमच्याकडे येत नाहीत, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते लेखी द्यावे लागतात. मी माझ्या कोटेशनमध्येच एक ओळ टाकते की शेवटचा हप्ता आला की सगळं तुमचं. तुम्ही ती ओळ मागा, चांगला माणूस नाही म्हणणार नाही.

तुर्भे मार्केट

आंबा आणि सुका मेवा. पुतण्याने पेट्यांचे फोटो फोनवरून काढून तसेच चढवले, एकेक फोटो ५-६ एमबीचा. ऑफिसच्या वायफायवर मस्त, पण मार्केटच्या आतल्या गल्लीत उभं राहून उघडलं तर पान यायला इतका वेळ की माणूस परत जाईल. आता एकेक दीडदोनशे केबीचा करून टाकलाय, दिसायला तसूभर फरक नाही. साइट मान्य करायच्या आधी स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून बघा, आमची गिऱ्हाइकं जवळपास सगळी मोबाइलवरच बघतात.

घोडबंदर, फिजिओथेरपी क्लिनिक

माझी गोष्ट फॉर्मची. साइटवर "अपॉइंटमेंटसाठी इथे लिहा" असा फॉर्म होता, साइट चालू होऊन पाच महिने झाले तरी एकही विनंती नाही. मला वाटलं साइटचा उपयोगच होत नाहीये. एक दिवस कासारवडवलीच्या एक आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, डॉक्टर दोनदा लिहिलं हो मी, नातवाकडून भरून घेतलं, तुमचा फोनच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाई, व्यायाम दीड महिना उशिरा सुरू झाला. बघितलं तर फॉर्मचे मेल डिझायनरच्या टेस्टिंगच्या पत्त्यावर जात होते, बदलायचा राहून गेलेला. एकूण २३ जणांनी लिहिलं होतं. मी एकेकाला फोन केला, माफी मागितली, काही तोपर्यंत दुसरीकडे गेले होते. त्या आजींचं मात्र अजून मनातून जात नाही. आता दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः फॉर्म भरून बघते. आणि गूगल मॅपवरची क्लिनिकची नोंद स्वतःच्या खात्यातून करा, ती फुकट आहे, तिथला फोन नंबर आणि साइटवरचा एकच ठेवा.

चरईकर

किती मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी, तिघींना धाग्याची लिंक पाठवलीय. डॉक्टर, तुमचं वाचून लगेच उठले आणि माझ्या साइटवरचा ऑर्डरचा फॉर्म भरून पाहिला, स्वतःच्याच नावाने २१ मोदक. अर्धा तास झाला, मेल आलेला नाही, स्पॅममध्ये पण नाही. डोमेन माझ्याकडे आलं तरी फॉर्म अजून त्या मुलाच्याच पत्त्यावर जात असणार, दोन वर्षं. आत्ताच त्याला मेसेज टाकलाय, आतापर्यंत आलेलं सगळं पाठव म्हणून. कळवा, खारघर, बेलापूरकडचं कोणी असेल तर लिहा अजून, मी वाचतेय.